आधी वहीत, मग फोनमध्ये



आज आम्ही आमच्या एका फजितीची गोष्ट सांगणार आहोत. त्या फजितीतून जे शिकलो, तेही सांगणार आहोत. आपल्यापैकी पुष्कळ गटांना आता व्हिडिओ करावासा वाटतो. कुणाला लोणच्याचा, कुणाला गोधडीचा, कुणाला शेळीपालनाचा. फोन घरोघरी आहे, त्यामुळे वाटतं, त्यात काय एवढं? बटण दाबलं की झालं. आम्हालाही असंच वाटलं होतं.

आमचा गट अकरा जणींचा. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागात आमचं गाव आहे. पाणी कमी, पण ऊन भरपूर. त्यामुळे उन्हाळी वाळवण हा आमचा जुना व्यवसाय. पापड, शेवया, सांडगे आणि सगळ्यांत जास्त मागणी गव्हाच्या कुरडईला. अडचण एकच होती. अकरा घरांतून अकरा तऱ्हेची कुरडई यायची. एकीची पांढरीशुभ्र, दुसरीची लालसर, तिसरीची हातात घेताच मोडणारी. गिऱ्हाईक विचारायचं, "मागच्या वेळसारखी का नाही?" आमच्याकडे उत्तर नसायचं.

गावात सगळ्यांत चांगली कुरडई आमच्या आक्कांची. आक्का आता पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या. हात थरथरतो, चुलीपुढे फार वेळ बसवत नाही. त्या दोन वर्षांपासून म्हणतायत, "पोरींनो, शिकून घ्या. पुढच्या वर्षी मी बसेन न बसेन." म्हणून आम्ही ठरवलं, आक्कांची कृती व्हिडिओत धरून ठेवायची. सगळ्या जणींनी ती बघायची आणि तशीच करायची. पुढे आपल्या मुलीबाळींनाही कामाला येईल.

हेतू चांगला होता. पण हेतू चांगला असला म्हणजे काम चांगलं होतं असं नाही.

पहिल्यांदा काय झालं

एप्रिलमध्ये आम्ही पाच जणी मजुरी बुडवून आक्कांच्या घरी जमलो. सहा किलो गव्हाचा चीक तयार होता. आम्ही आक्कांना हार घातला, नारळ फोडला. त्याचं शूटिंग केलं. मग प्रत्येकीने दोन शब्द बोलायचे ठरलं. दोनाचे दोनशे झाले. त्याचंही शूटिंग केलं. एवढ्यात साडेअकरा वाजले. चूल पेटली, आधण आलं, आक्कांनी चीक ओतायला घेतला आणि फोनवर अक्षरं आली, जागा शिल्लक नाही.

कुणी म्हणालं जुने फोटो काढून टाका, कुणी म्हणालं दुसरा फोन आणा. आमच्यातली एक घाईने म्हणाली, "आक्का, थोडं थांबा, हात थांबवा." आक्का थांबल्या. आता मैत्रिणींनो, आधणात चीक पडल्यावर हात थांबवला तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. गुठळ्या झाल्या. आक्कांच्या पन्नास वर्षांच्या हाताला पहिल्यांदा गुठळी लागली आणि तीही आमच्यामुळे.

आक्का रागावल्या नाहीत. उलथणं खाली ठेवून एवढंच म्हणाल्या, "कुरडईला चार दिवस आधी गहू भिजवायला लागतो, हे तुम्हाला ठाऊक हाय. मग ह्या फोनच्या कामाला काल रात्रीपासून तरी कुणी काय भिजवलं होतं का?"

तो चीक मुलांनी दूध घालून खाल्ला. पाच जणींची तीनशे रुपयांप्रमाणे दीड हजारांची मजुरी गेली, गहू गेला. घरी येऊन जे शूटिंग झालं होतं ते पाहिलं, तर तेही कामाचं नव्हतं. आक्का दाराकडे पाठ करून बसल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यामागे लख्ख उजेड आणि त्या स्वतः काळ्या. शेजारच्या गिरणीच्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकूच येईना. अर्धं शूटिंग फोन उभा धरून, अर्धं आडवा धरून. आणि मुख्य म्हणजे गहू भिजवणं, पाणी बदलणं, वाटणं, गाळणं यातलं काहीच नव्हतं, कारण आम्ही गेलो तेव्हा ते सगळं होऊन गेलं होतं. पाच दिवसांच्या कामातल्या फक्त शेवटच्या दोन तासांसाठी आम्ही गेलो होतो आणि त्यातलेही महत्त्वाचे हुकले.

पहिला प्रश्न : कुणासाठी?

आठ दिवसांनी गटाची बैठक झाली. फोन बाजूला ठेवला आणि वही काढली. कर्जाची आणि बचतीची नोंद आपण ज्या शिस्तीने ठेवतो, त्याच शिस्तीने हे काम करायचं ठरलं.

वहीत सगळ्यांत वर एकच वाक्य लिहिलं : "हा व्हिडिओ पाहून आपल्या गटातल्या कोणत्याही बाईला आक्कांसारखी कुरडई करता आली पाहिजे."

हे एक वाक्य लिहिलं आणि निम्मे वाद मिटले. हार हवा का? नको. प्रत्येकीचं भाषण हवं का? नको. व्हिडिओ गिऱ्हाइकाला दाखवायचा असता तर वेगळा झाला असता. त्यात पॅकिंग, चव, किंमत आली असती. आमचा व्हिडिओ शिकण्यासाठी होता. त्यामुळे त्यात माप, वेळ आणि हाताची पद्धत हवी होती. लांबी चार मिनिटं ठरवली. त्याहून मोठा व्हिडिओ कामाच्या घाईत कुणी पुरता बघत नाही, हा आमचा अनुभव आहे.

आक्कांना विचारलं

पहिल्या वेळी आम्ही आक्कांना नुसतं सांगितलं होतं, विचारलं नव्हतं. या वेळी दोघी जणी जाऊन बसलो. व्हिडिओ कोण बघणार, कुठे पाठवणार, ते सांगितलं. आक्का म्हणाल्या, "माझं तोंड नको दाखवू बाई. हात दाखवा. कुरडई हातानं होती, तोंडानं न्हाई."

आम्हाला थोडं वाईट वाटलं. पण त्यांचं म्हणणं वहीत लिहिलं आणि पाळलं. पुढे कळलं की त्यामुळे आमचं काम सोपंच झालं. चेहरा नाही म्हटल्यावर फोन कुठे धरायचा हे ठरून गेलं : हाताजवळ. आणि समोर फोन रोखलेला नसल्यामुळे आक्का मोकळ्या बोलल्या.

ज्यांचं चित्रण करायचं त्यांना आधी विचारणं ही नियोजनातली पहिली पायरी आहे. व्हिडिओ एकदा गटाबाहेर गेला की तो परत आणता येत नाही.

काय काय दिसायला हवं, त्याची यादी

मग आक्कांकडून सगळी कृती तोंडी ऐकली आणि दिवसवार लिहून काढली.

पहिला दिवस : गहू निवडणं, धुऊन भिजत घालणं.

दुसरा आणि तिसरा दिवस : रोज सकाळी पाणी बदलणं. गव्हाचा दाणा बोटांत दाबून पाहणं. पांढरा चीक बाहेर आला की गहू भिजला.

चौथा दिवस : गहू वाटणं, पातळ फडक्यातून गाळणं, चोथा पिळणं, चीक रात्रभर झाकून ठेवणं.

पाचवा दिवस : वर आलेलं पाणी हलक्या हाताने ओतून टाकणं, खाली बसलेला चीक मापणं, तेवढंच पाणी आधणाला ठेवून मीठ आणि हिंग घालणं, चीक ओतत घोटणं, शिजला का ते पाहणं, गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया पाडणं.

त्यानंतर : वाळलेली कुरडई आणि तळलेली कुरडई.

मोजली तर सोळा चित्रं झाली. म्हणजे एकेक चित्र पंधरा सेकंद धरलं तरी चार मिनिटं भरतात. एवढं साधं गणित आम्ही पहिल्या वेळी केलं नव्हतं.

हे लिहिताना एकीने बीएच्या वर्गात ऐकलेली दादासाहेब फाळके यांची गोष्ट सांगितली. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट १९१३ साली आला. त्याआधी त्यांनी एका रोपाच्या वाढीचा छोटासा चित्रपट केला होता. कुंडीतलं बी, त्याला फुटणारा अंकुर, वाढणारा वेल, याचं रोज थोडं थोडं चित्रण त्यांनी केलं. ते पाहून पैसे देणाऱ्याचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई या कामात बरोबरीने होत्या. फिल्मच्या पट्टीला अंधारात भोकं पाडण्यापासून चित्रपटाच्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत कामं त्यांनी केली, दागिनेही दिले. तेव्हा फिल्म महाग होती, एक फूट वाया घालवणं परवडत नव्हतं. आपल्या फोनमध्ये फिल्म नाही, म्हणून आपण ठरवल्याशिवाय बटण दाबतो. पण आक्कांचा वेळ, गहू आणि मजुरी या गोष्टी तेव्हाच्या फिल्मइतक्याच महाग आहेत. वाढत जाणाऱ्या गोष्टीचं चित्रण करायचं तर रोज जावं लागतं, हेही त्यातून पटलं.

उजेड, आवाज आणि जागा

शूटिंगच्या दोन दिवस आधी आम्ही आक्कांच्या घरी नुसतं बघायला गेलो. कोणत्या वेळी ऊन कुठे येतं ते पाहिलं. आतलं स्वयंपाकघर अंधारं होतं, म्हणून चूल अंगणात मांडायचं ठरलं. दुपारच्या उन्हात पांढरा चीक फोनवर नुसता पांढरा डाग दिसतो, त्यातला घट्टपणा कळत नाही. सकाळी सात ते नऊ उजेड मऊ असतो. म्हणून चीक शिजवायची वेळ सातची ठरवली. फोन धरणारीने उजेडाकडे पाठ करायची आणि उजेड आक्कांच्या हातावर पडेल असं उभं राहायचं, हेही लिहून ठेवलं.

आवाजाचं तर रेडिओवर बोलणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. गिरणी नऊला सुरू होते, म्हणजे सातची वेळ तिथेही कामाला आली. तरीही आक्कांचं बोलणं आम्ही कामाच्या वेळी घेतलंच नाही. ते दुपारी, दार लावून, दुसऱ्या फोनवर वेगळं घेतलं आणि नंतर चित्रांवर बसवलं. कामाच्या वेळी फक्त कामाचे आवाज घेतले : आधणाची खळखळ, उलथण्याचा आवाज, सोऱ्याची करकर. एक मिनिटभर कुणीही न बोलता अंगणाचा नुसता आवाजही घेतला. दोन चित्रांच्या मध्ये आवाज तुटल्यासारखा वाटला तर तो तिथे घालता येतो.

फोनची तयारी

आमच्या फोनवर एका मिनिटाच्या शूटिंगला साधारण १३० एमबी जागा लागते. पहिल्या वेळी तीन जीबी जागा होती, म्हणजे जेमतेम तेवीस मिनिटं. ती सगळी भाषणांत गेली. या वेळी हिशोब केला. सोळा चित्रं, पंधरा सेकंदांची, प्रत्येक दोन वेळा, म्हणजे आठ मिनिटं. आक्कांचं बोलणं दहा मिनिटं. एकूण अठरा मिनिटांना सव्वादोन ते अडीच जीबी. म्हणून पाच जीबी मोकळी केली. घरच्या पाहुण्यांसाठी आपण भाकरी थोडी जास्तच करतो, तसंच हे.

बाकीची यादी अशी होती : बॅटरी रात्री पूर्ण भरणं. शूटिंगच्या वेळी फोन विमान मोडवर ठेवणं, म्हणजे मध्येच कुणाचा फोन येऊन शूटिंग थांबणार नाही. काच मऊ फडक्याने पुसणं. फोन आडवाच धरणं. वाफेच्या अगदी वर फोन न नेणं, कारण काचेवर बाष्प धरतं. कुरडया वाळत घालताना फोन गच्चीवर उन्हात ठेवून न देणं, तापला की तो बंद पडतो. हात हलू नये म्हणून आम्ही दोन डबे एकावर एक ठेवून त्यावर फोन टेकवला. स्टँड विकत घ्यायला हवाच असं नाही.

आणि एक गोष्ट : बटण दाबल्यावर लगेच काम सुरू करायचं नाही. मनात तीन आकडे मोजायचे, मग काम. काम संपल्यावर पुन्हा तीन आकडे मोजून बटण बंद. नाहीतर चित्राची सुरुवात आणि शेवट कापले जातात.

कोण काय करणार

पहिल्या वेळी आम्ही पाच जणी होतो आणि पाचही जणी सूचना देत होतो. या वेळी वहीत कामं वाटून लिहिली. एक फोन धरणारी. एक वही हातात घेऊन झालेल्या चित्रापुढे खूण करणारी. एक आक्कांच्या हाताखाली. एक पोरं, कोंबड्या आणि येणारे-जाणारे सांभाळणारी. सूचना द्यायची ती फक्त वहीवालीने, आणि तीही आक्कांच्या कामात खंड पडणार नाही अशी. आक्का थांबणार नाहीत, आपण त्यांच्या मागे जायचं, हा नियम सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिला.

आक्कांना पाचव्या दिवशी चौथ्या दिवसाचंच लुगडं नेसायची विनंती केली. चेहरा नसला तरी पदर आणि बांगड्या दिसतात. मध्येच हिरव्या बांगड्यांच्या लाल झाल्या तर बघणारीचं लक्ष कृतीवरून उडतं.

तरीही घडायचं ते घडलं

सगळं लिहून ठेवलं म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. मे महिन्यात ज्या दिवशी कुरडया वाळत घातल्या, त्याच संध्याकाळी वळीव आला. धावपळ करून कुरडया आत घेतल्या. पण आम्ही वहीत एक दिवस राखून ठेवला होता. वाळलेल्या कुरडईचं चित्र दोन दिवसांनी घेतलं, काही बिघडलं नाही. नियोजन केलं म्हणजे पाऊस थांबत नाही, पण पाऊस आला तर काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं.

रोज संध्याकाळी त्या दिवसाची चित्रं तिथेच बघितली. तिसऱ्या दिवशी दाणा दाबण्याचं चित्र धूसर आलं होतं. गहू अजून भिजतच होता, म्हणून लगेच पुन्हा घेता आलं. आठवड्याने बघितलं असतं तर पुन्हा गहू भिजवण्यापासून सुरुवात करावी लागली असती. त्याच संध्याकाळी सगळी चित्रं पेन ड्राइव्हवरही उतरवून ठेवायचो.

जो प्रश्न आधी सुचला नव्हता

आता मुख्य गोष्ट सांगतो. यादी करताना आम्ही प्रत्येक पायरीपुढे एक प्रश्न लिहिला होता : "नव्या बाईचं इथे काय चुकेल?" चीक शिजवण्याच्या पायरीपुढे उत्तर आलं, कच्चा राहील किंवा जास्त शिजेल. मग शिजला हे कसं ओळखायचं? अकरा जणींपैकी कुणालाच नीट सांगता येईना. प्रत्येकीचं उत्तर, "अंदाजानं."

आक्कांना विचारलं तेव्हा त्या हसल्या. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी चीक घोटता घोटता तो काचेसारखा दिसायला लागल्याचं दाखवलं. मग बोट पाण्यात बुडवलं, चिकाला हलकेच लावलं आणि वर धरलं. बोट कोरं होतं. "चिकटलं तर कच्चा. न्हाई चिकटलं तर घ्या सोऱ्यात." हे चित्र सात सेकंदांचं आहे. फोन हाताजवळच होता, उजेड बोटावर होता, गिरणी बंद होती, जागा शिल्लक होती. म्हणून ते मिळालं.

पहिल्या दिवशी शूटिंग पूर्ण झालं असतं तरी हे सात सेकंद आमच्याकडे आले नसते, कारण तेव्हा आम्हाला हा प्रश्नच पडला नव्हता.

आता आमच्या गटात कुरडई करायच्या आधी सगळ्या जणी ते चार मिनिटं बघतात. अजून सगळ्यांची अगदी एकसारखी होत नाही, पण मोडणारी कुरडई जवळपास थांबली. आक्कांना व्हिडिओ दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हात अजून बरा चालतोय की माझा."

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात अशी एखादी आक्का असेल. गोधडीचा टाका, बाळंतिणीचे लाडू, बी राखण्याची पद्धत, काहीतरी तिच्या हातात असेल. ते धरून ठेवायला जरूर जा. पण जाण्याआधी एक संध्याकाळ वही घेऊन बसा. कुणासाठी, काय काय, कधी, कुठे, कोण आणि चुकलं तर काय, एवढं लिहा. तिला विचारा. फोनमधली जागा बघा. आणि गहू भिजत घालायच्या आधी जा, चूल पेटल्यावर नको.